जीव कुठाय तुझा?

फाट्याला गावपण उशिरा येतं. आधी रस्ते एकमेकांना भेटतात, मग चहाची टपरी येते, पंक्चरवाला येतो, खत-बियाणांचं दुकान येतं आणि कधीतरी लोक त्या जागेला नावानं हाक मारू लागतात. आमचा देवगाव फाटा तसाच. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या ह्या तिठ्यावरून एक रस्ता सेलूकडे वळतो, एक जिंतूरकडे जातो, एक मंठ्यावरून जालन्याकडे. भोवती काळी रानं. कापूस फुटला की ती पांढरी होतात, वेचणी झाली की पुन्हा काळी.

माझं माहेर ह्या फाट्यावरून आत. लहानपणी सुट्टीत मी टपरीमागच्या लिंबाखाली बसून एसटीतून उतरणारी माणसं बघायची. त्यात एक दृश्य ठरलेलं असे. कंडक्टर आधी पिशव्या खाली देई, आणि मग पायरीवरून जपून, एक हात कमरेवर ठेवून एखादी लेक उतरे. बाप बैलगाडी घेऊन आलेला असे. गाडीत कडब्याचा थर, त्यावर वाकळ अंथरलेली. सातवा नाहीतर आठवा महिना. चार महिन्यांनी तीच पोर ह्याच फाट्यावर उलट्या दिशेची एसटी धरी. आता तिच्या मांडीवर टोपड्यातलं बाळ, त्याच्या गालावर काजळाची तीट, शेजारी डिंकाच्या लाडवांचा डबा. बघणारे सगळे बाळाकडे बघत. मीही बाळाकडेच बघायची. त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघायला मी फार उशिरा शिकले, आणि तेही माझ्यावर वेळ आली तेव्हा.

माझं पहिलं बाळंतपण माहेरीच झालं. मुलगी झाली. घरात कशालाच कमी नव्हतं. बाजेखाली शेगडी होती, शेक होता, शेपा-ओव्याची धुरी होती, कानाला फडकं होतं, सकाळ-संध्याकाळ अळिवाची खीर होती. पाचव्या दिवशी सटवाई पुजली. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, असं आई म्हणाली. त्या रात्री घर झोपल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडत होते, आणि का रडतेय ते मला कळत नव्हतं.

आज मला त्याचं कारण माहीत आहे. बाळ बाहेर आल्यावर आईच्या रक्तातली संप्रेरकं काही दिवसांतच एकदम खाली येतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून जास्त बायांना असं उगीच भरून येतं, चिडचिड होते, झोप उडते. दहा-पंधरा दिवसांत ते आपोआप ओसरतं. म्हणजे घर सटवाई पुजत असतं, सगळ्यांचे डोळे बाळाच्या कपाळाकडे असतात, नेमक्या त्याच रात्री बाळाची आई सगळ्यात जास्त हळवी असते. ती रडली तर त्यात आजार नाही. तिला नुसतं जवळ घ्यावं, पुरे.

माझं रडणंही पंधरा दिवसांनी थांबलं. पण नंतर जे आलं ते रडण्याहून वाईट होतं. बाळ कुरकुरलं की मी उठायची, पाजायची, दुपटं बदलायची, पुन्हा निजवायची. हात सगळं करत होते. मी मात्र तिथं नव्हते. आल्या-गेल्या बाया म्हणायच्या, "किती गोड हाय गं!" मी हसायची आणि मनात म्हणायची, मला का वाटत नाही? आपल्याच लेकराची माया येत नाही, ही लाज कुणाला सांगायची? आईनं तर लाडू वळता वळता हात भाजून घेतला होता माझ्यासाठी.

माझी आजी तेव्हा होती. रात्री ती माझ्या तळपायांना तेल चोळायची. एका रात्री चोळता चोळता थांबली आणि म्हणाली, "काय गं माय, जीव कुठाय तुझा?"

मी म्हणाले, "माहीत न्हाई आजी. लांब हाय कुठंतरी."

ती दचकली नाही. "असं कसं" म्हणाली नाही, "देवानं सोन्यासारखी लेक दिली आन् तू" असंही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "बरं. सांगत जा मला कुठाय ते." आणि पुन्हा तेल चोळू लागली. मग हा आमचा रोजचा नेम झाला. "आज कुठाय?" मी डोळे मिटून खरंच शोधायची. पहिले कितीतरी दिवस उत्तर एकच, "लांब." मग एका रात्री मी म्हणाले, "फाट्यावर आलाय." ती हसली. "उतरू दे. येईल पायी पायी." पुढच्या आठवड्यात तो वेशीत आला. मध्येच एकदा पुन्हा फाट्यावर गेला. मग अंगणात आला. आणि मुलगी तीन महिन्यांची होता होता एका पहाटे, ती दूध पिता पिता थांबून माझ्याकडे बघू लागली तेव्हा, मला आजीला उठवून सांगावंसं वाटलं की आजी, पाळण्यापाशी आलाय.

लांब, फाट्यावर, वेशीत, अंगणात, पाळण्यापाशी. माझ्या निरक्षर आजीनं पाच खुणांची मोजपट्टी केली होती आणि रोज रात्री ती न चुकता लावून बघत होती. हे मला पुष्कळ वर्षांनी, दुसरी एक मोजपट्टी हातात आल्यावर उमगलं.

मी डॉक्टर नाही. शाळेत मराठी शिकवते. एका कार्यशाळेत माझ्या हाती एक पानभर प्रश्नावली पडली. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहराचं नाव तिला आहे. जॉन कॉक्स, जेनी होल्डन आणि रूथ सागोव्स्की ह्या तिघांनी १९८७ साली ती प्रसिद्ध केली. प्रश्न दहा. प्रत्येकाला चार उत्तरं, आणि उत्तराला शून्य ते तीन गुण. एकूण तीस. बाईनं गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते आठवायचं आणि जवळच्या उत्तरावर खूण करायची. पाचेक मिनिटांचं काम. बेरीज दहा किंवा जास्त झाली तर काळजीनं बघावं, तेरा किंवा जास्त झाली तर नैराश्य असण्याची शक्यता बरीच आहे असं समजून डॉक्टरांकडे न्यावं, असा साधारण दंडक. बेरजेवरून निदान होत नाही. निदान डॉक्टर करतात. बेरीज सांगते ती इतकंच, की ह्या बाईकडे आता कुणीतरी नीट बसून लक्ष दिलं पाहिजे.

कॉक्स त्याआधी आफ्रिकेतल्या युगांडात काम करत होते. तिथल्या खेड्यांतल्या गरोदर बायांच्या मनाच्या आजारांवर त्यांनी १९७९ साली लिहिलं. बाळंतिणीच्या अशा आजाराला तिथल्या लोकांच्या बोलीत 'अमाकिरो' हा जुना शब्द होता. आपल्याकडेही बाळंतिणीच्या दुखण्यांना 'बाळंतरोग' हा शब्द होताच. म्हणजे दुखणं श्रीमंत देशांचं नाही, शहरी बायांच्या नाजूकपणाचं नाही, आणि कालपरवाचंही नाही.

त्या प्रश्नावलीतली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिच्यात जे विचारलेलं नाही ते. थकवा येतो का, हे विचारलेलं नाही. भूक लागते का, तेही नाही. अंग दुखतं का, नाही. कारण हे प्रश्न कुठल्याही बाळंतिणीला विचारा, उत्तर 'हो'च येणार. रात्रीतून चार वेळा उठणारी बाई थकणारच. नैराश्य मोजायच्या दुसऱ्या चालू प्रश्नावल्यांत झोप, भूक, थकवा हे सगळं असतं. त्या चांगल्याच आहेत, पण बाळंतिणीच्या बाबतीत त्यांचा काटा शरीराच्या शिणानंही हलतो. एडिनबराच्या प्रश्नावलीत झोपेचा एकच प्रश्न आहे, आणि तोही असा, की मन दुःखी म्हणून तुझा डोळा लागत नाही का? हा फरक ज्याला सुचला त्यानं बाळंतिणीच्या बाजेशेजारी बसून काही रात्री काढल्या असतील, असं मला वाटतं.

पण मी भाषेची शिक्षिका. माझं मन दहा प्रश्नांच्या मराठीपाशी अडकलं. ही प्रश्नावली मराठीतही वापरली जाते. तरी फाट्याच्या आसपासच्या एखाद्या बाईला ती वाचून दाखवायची म्हणजे काय काय होईल, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. पहिला प्रश्न हसण्याचा. पूर्वीसारखं हसू येतं का? बाजेवरच्या बाईनं चारचौघांत खळखळून हसायची रीतच नाही, मग 'पूर्वीसारखं' म्हणजे कशासारखं? तिसरा प्रश्न, काही बिनसलं की कारण नसताना स्वतःला दोष देता का? आमच्याकडे "माझंच मेलीचं चुकलं" हे वाक्य सुनेचा संस्कार म्हणून शिकवलं जातं. ते तोंडातून किती वेळा बाहेर पडतं ह्याला अर्थ नाही. रात्री एकटी असताना ती ते स्वतःशी म्हणते का, हे विचारायला हवं. सहावा प्रश्न मात्र मराठीत असा उतरतो की जणू इथंच जन्मला. सगळं अंगावर येतंय असं वाटतं का? हा प्रश्न कुणालाच समजावून सांगावा लागत नाही. बाई लगेच मान हलवते.

आणि 'गेल्या सात दिवसांत' हेही तसंच. सात दिवस वहीत असतात. खेड्यात आठवडा बाजारावरून मोजतात. मागच्या बाजारापासून ह्या बाजारापर्यंत, असं म्हटलं की बाई बरोबर मागे जाते. त्या बाजारी नवरा आला होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळाचं पोट दुखलं, तेव्हापासून मला करमंना. मोजणीला लागणारा काळ असा गोष्टीच्या दोरीवर बसतो. उत्तरंही चारांपैकी एक म्हणून येत नाहीत. कशात मन लागंना. जीव घाबरा होतो. डोक्यात नुस्ती वाफ. हातपाय गळाल्यावाणी झालेत. ही सगळी नैराश्याची मराठी नावं आहेत. 'नैराश्य' हा शब्द स्वतः कुणी उच्चारत नाही. विचारणाऱ्याला ही नावं ओळखता यायला हवीत.

आपल्या परंपरेला गरोदर बाईचं मन ठाऊकच नव्हतं असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. डोहाळे हा शब्द संस्कृतातल्या दौहृदावरून आला. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी गर्भवतीला दोन हृदयांची बाई म्हटलं आहे, एक तिचं आणि एक पोटातल्याचं. तिच्या मनातलं अपुरं राहू नये, असा तिथला दंडक. आपण त्यातलं खाणं ठेवलं आणि मन सोडलं. तुला काय खावंसं वाटतं, हे तिला सगळे विचारतात. तुला काय वाटतं, हे विचारायचं राहून जातं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, चांदण्यातलं नाहीतर झोपाळ्यावरचं डोहाळजेवण, आणि त्या फुलांखाली बसलेल्या पोरीला मागच्या महिनाभरात एकही रात्र नीट झोप नाही, हे त्या मांडवात कुणालाच माहीत नसतं.

म्हणूनच ही मोजणी बाळंतपणाआधी व्हायला हवी. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा ह्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एका जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीतल्या २७० गरोदर स्त्रियांना त्यांनी गाठलं आणि बाळंतपणानंतर पुन्हा भेटले. सहा ते आठ आठवड्यांनी दर शंभरातल्या २३ जणींना नैराश्य होतं. त्या आजारी बायांपैकी ७८ टक्क्यांचं मन गरोदरपणातच बिघडलेलं होतं. म्हणजे आपण ज्याला बाळंतपणानंतरचं दुखणं म्हणतो ते बहुतेकींच्या बाबतीत फाट्यावर उतरतानाच सोबत आलेलं असतं. गरिबी, नवऱ्याशी न पटणं, मुलगा हवा असताना मुलगी होणं, ही त्यांना सापडलेली कारणं. ह्यातलं एकही कारण असं नाही की जे आपल्या आजीला माहीत नव्हतं.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या ३०२ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात हीच एडिनबराची प्रश्नावली वापरली होती. साधारण सहा जणींमागे एकीची बेरीज नैराश्याकडे बोट दाखवत होती, आणि मुलगाच व्हावा म्हणून घरच्यांचा दबाव हे त्यामागचं एक ठळक कारण निघालं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत भारतातल्या ३८ अभ्यासांची एकत्र मोजदाद छापून आली. वीस हजारांहून जास्त माता, आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के. पाचांत एक. एका एसटीत दहा लेकुरवाळ्या बसल्या असतील तर त्यातल्या दोघी.

आणि हे बाईपुरतं थांबत नाही. गोव्यातल्या त्याच मातांची बाळं सहा महिन्यांची झाल्यावर तपासली, तेव्हा नैराश्य असलेल्या आयांची ३० टक्के बाळं वजनात फार मागे होती. इतर आयांची १२ टक्के. आपण बाळाचं वजन इतक्या निगुतीनं करतो. झोळीच्या काट्याला लटकवून, दोनदा बघून, वहीत लिहून. त्या काट्यावर आईचं मनही लटकलेलं असतं, ते आपण वाचत नाही.

गेल्या वर्षी माझी भाची दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिली मुलगी, दुसरीही मुलगी. चौदाव्या दिवशी गावच्या आरोग्य-कार्यकर्त्या आशाताई आल्या तेव्हा मी तिथंच होते. मला आशाताईंबद्दल फार आदर आहे. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांनी घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीचा जो पाया घातला, त्याच वाटेनं हे काम देशभर गेलं. आशाताईंनी साबणानं हात धुतले, बाळाचा ताप पाहिला, श्वास मोजले, नाळ बघितली, वजन केलं. मग भाचीकडे वळल्या. अंगावरून घाण वास येतो का, ताप आला का, झटके आले का, काहीबाही बरळते का? वहिनीनं सगळ्याला "न्हाई, न्हाई" म्हटलं. भाची बाजेवर मान खाली घालून बसली होती. तिच्या वतीनं तिची आईच बोलत होती. फॉर्म भरला गेला. बाळ-बाळंतीण सुखरूप.

काहीबाही बरळते का, हा प्रश्न चुकीचा नाही. बाळंतपणानंतर हजारात एकदोघींना खरोखर वेड लागल्यासारखं होतं, आणि तेव्हा दवाखाना गाठायला एक दिवसही दवडू नये. पण न बरळणारी, निमूट बसलेली, विचारल्याशिवाय न बोलणारी बाई ह्या प्रश्नाच्या जाळीतून अलगद खाली पडते.

मी महिनाभरानं पुन्हा गेले. दुपारची वेळ होती, वहिनी रानात गेली होती. मी भाचीला धान्याच्या खोलीत घेऊन बसले आणि दार लोटून घेतलं. बाळ माझ्या मांडीवर. मी म्हणाले, "आत्याला दहा गोष्टी सांग. खोटं एकही नको."

पहिल्या प्रश्नांना तिनं पटापट उत्तरं दिली, शाळेतल्यासारखी. सहाव्याला थांबली. "सगळंच अंगावर येतंय आत्या. दूध तापवायचं म्हटलं तरी." नवव्याला रडली. मी थांबले. बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. मग दहावा प्रश्न विचारायचा होता, आणि तो विचारताना माझाच आवाज फुटेना. स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का? पुष्कळ लोकांना वाटतं की हे विचारलं तर नसलेलं मनात घालून दिल्यासारखं होईल. तसं होत नाही. विचारल्यानं बाई मोकळी होते. ती बराच वेळ कणगीकडे बघत राहिली. बाहेर कोंबडी कचरा उकरत होती तेवढाच आवाज. मग म्हणाली, "कधीमधी वाटतं, झोपावं आन् उठूच नये. पोरींकडं बघून पुन्हा उठते."

बेरीज पंधरा झाली. पण दहाव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बेरजेकडे बघत बसायचंच नसतं. त्या संध्याकाळी मी भावाला आणि वहिनीला समोर बसवून सगळं सांगितलं. वहिनी आधी म्हणाली, नजर लागली असेल. मग लेकीच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प झाली. रात्री ती लेकीच्या बाजेला बाज लावून झोपली. सकाळच्या एसटीनं आम्ही परभणी गाठली. मनोविकाराच्या डॉक्टरांनी तिला एकटीला आत घेतलं आणि बराच वेळ बोलले. दूध पाजतानाही घेता येतील अशा गोळ्या दिल्या, कारण वहिनीची पहिली धास्ती तीच होती. दर आठवड्याला बोलायला बोलावलं. नवऱ्यालाही बोलावलं, आणि तो आला. सहा महिन्यांनी भाचीनं फोनवर मला स्वतःहून सांगितलं, "आत्या, विचार ते दहा." बेरीज पाच.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. ही परदेशातून आलेली प्रश्नावली माझ्या आजीच्या प्रश्नाहून वेगळी नाही. माझ्या नशिबानं मला आजी होती, तिला बघता येत होतं आणि थांबता येत होतं. आजी मिळणं हा नशिबाचा भाग झाला. ज्यांना ती नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी तिचा प्रश्न दहा भागांत वाटून कागदावर लिहून ठेवला आहे, की जो कुणीही, कुठंही, कुणालाही विचारू शकेल.

आणि विचारून पुढे ऐकत राहणं हाच उपचाराचा पहिला घास असतो, ह्याचाही पुरावा आहे. प्रश्नावली करणाऱ्या ह्याच तिघांनी पुढे १९८९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नैराश्य असलेल्या काही मातांकडे घरी येणाऱ्या परिचारिका आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे, नुसत्या ऐकायला जात. त्यांना त्याआधी थोडं शिक्षण दिलं होतं. त्या मातांपैकी ६९ टक्के बऱ्या झाल्या. ज्यांच्याकडे असं ऐकायला कुणी गेलं नाही त्यांच्यापैकी ३८ टक्के. गोव्यात 'सांगाथ' संस्थेनं पुढे अशाच कामासाठी वस्तीतल्याच, स्वतः आई असलेल्या बाया तयार केल्या. त्यांना नाव दिलं, सखी. सगळ्याच जणी बोलण्यानं बऱ्या होतात असं नाही. भाचीला गोळ्या लागल्या. पण गोळ्यांपर्यंत ती पोचली ती प्रश्नाचा हात धरून.

आता ह्याचा भार पुन्हा आशाताईंवरच टाकायचा का, हा प्रश्न रास्त आहे. त्यांच्या पिशवीत आधीच किती नोंदवह्या आहेत ते मी बघते. २०१५ पासून आमच्या परभणीसकट चौदा जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांच्या मनाच्या ताणासाठी 'प्रेरणा' प्रकल्प आहे, त्यातही घरोघरी जाणाऱ्या त्याच. मन कसं विचारावं, हे त्यांनी तिथं शिकून घेतलंच आहे. ते बाजेपर्यंत आणायला त्यांना वेळ हवा, मोबदला हवा, आणि पुढे पाठवायला जवळ डॉक्टर हवा. नाहीतर बेरीज तेरा आली आणि पुढे रस्ताच नाही, असं झालं तर विचारून आपण तिला आणखी एकटं केलं.

आणि ज्या बाया बेचाळिसाव्या दिवशी घरीच नसतात त्यांचं काय? दसरा-दिवाळीनंतर आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. त्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. पोटुशी असो, ओली बाळंतीण असो, अर्धा कोयता तिचा. तिचं वजन, तिचं रक्त, तिचं मन कुठल्या गावच्या वहीत लिहायचं, हे ठरलेलंच नसतं. मोजायचंच म्हटलं तर मोजणी तिच्या पालापर्यंत गेली पाहिजे.

मन मोकळं करायची जागा बायांना पूर्वी होती. गंगाखेडची संत जनाबाई आमच्याच जिल्ह्यातली. जात्यावर बसून जिवाचं गुज बोलायची रीत इथल्या बायांना ती देऊन गेली, असं मला नेहमी वाटतं. पहाटे जात्यापाशी दोघी समोरासमोर बसत, खुंटा एकच, घरातले पुरुष झोपलेले, आणि मनातलं पिठाबरोबर बाहेर येई. गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी अशा लाखभर ओव्या महाराष्ट्रभर फिरून गोळा केल्या. जातं गेलं ते बरंच झालं, बायांचे खांदे सुटले. पण त्याच्याबरोबर ती दोघींची एकांताची जागाही गेली. धान्याच्या खोलीचं दार लोटून घेतलं तेव्हा मला ती जागा पुन्हा मांडल्यासारखं वाटलं.

ह्या फाट्यावर आजही लेकी उतरतात. बैलगाडीच्या जागी मोटारसायकल आली, हातात माता-बाल संरक्षण कार्ड आलं. कार्डावर वजन आहे, रक्तदाब आहे, हिमोग्लोबिन आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते. त्याच रांगेत, पडद्याआड पाच मिनिटं काढून हे दहा प्रश्न विचारता येतील. ते होईल तेव्हा होवो. तोवर आपल्या घरात आपण थांबायचं कारण नाही.

आपल्याकडे सव्वा महिन्यानं बाळंतीण उठते, तिची ओटी भरतात, बाळाला देवाला नेतात. आशाताईंची बेचाळिसाव्या दिवसाची शेवटची फेरीही त्याच सुमाराला येते, आणि बाळंतिणीचं मन तपासायला जाणकार सांगतात तो सहावा आठवडाही हाच. तेव्हा त्या दिवशी ओटी भरून झाली की बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या आणि तिला एकटीला घेऊन बसा. सासूला, आईला, नवऱ्याला बाहेर बसवा. गेल्या बाजारापासून ह्या बाजारापर्यंत तुझा जीव कुठं होता, ते विचारा. ती "बरी हाय" म्हणेल. तरी बसून राहा, पुन्हा विचारा. लांब आहे म्हणाली तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. डॉक्टर जवळ नसेल तर १४४१६ ह्या, टेलिमानस नावाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर कुठल्याही वेळी फोन लागतो, पैसे पडत नाहीत, आणि पलीकडचं माणूस मराठीत बोलतं.